बाद टेकांची वही

अल्बम काढायचं ठरलं तेव्हा माझ्या मित्राच्या वरच्या ओळीत पुढचे सहा दात शिल्लक होते आणि माझ्या कीबोर्डच्या बत्तीस पट्ट्यांपैकी तीस. हे दोन्ही आकडे मी त्याच दिवशी लिहून ठेवले. मी सरकारी कार्यालयात भांडारपाल होतो. कोणती वस्तू आली, कोणती गेली आणि कोणती जागच्या जागी सडली, हे लिहून ठेवण्यात माझं आयुष्य गेलं. माणसांच्या बाबतीतही मी तेच करतो. फक्त ते रजिस्टर कोणाला दाखवत नाही.

मित्राला सगळे कवळीवाले म्हणायचे, कारण तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा. मी त्याला कवळ्या म्हणायचो आणि तो मला साठेबाज. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं. एखाद्या समारंभात समोर बसलेले ज्येष्ठ लोक हसले की हा माझ्या कानाला लागून, तिसऱ्या खुर्चीतलं हसू आपलं, पाचव्यातलं दुसऱ्या कोणाचंतरी, बघ कसं सैल बसलंय, असं सांगायचा.

संगीत आम्ही दोघंही शिकलो नव्हतो. कीबोर्ड मुलीसाठी आणलेला. तिने तो आठ दिवसांत टाकला आणि सवयीने मी तो साठ्यात जमा केला. त्यातल्या दोन पट्ट्या मेलेल्या होत्या. त्यामुळे त्या दोन सुरांना वळसा घालून जाणाऱ्या चालीच मला सुचायच्या. कवळ्या शीळ घालायचा. त्याच्या पुढच्या दोन दातांत एक फट होती, आणि त्या फटीतून जे बाहेर पडायचं त्याला शीळ म्हणणं म्हणजे अत्तराला पाणी म्हणण्यासारखं. त्याला मात्र त्याचं काही नव्हतं. जिना चढताना, साच्यात प्लॅस्टर ओतताना, बिल लिहिताना तो वाजतच असायचा. आमच्या दोघांच्या मिळून आठ चाली तयार झाल्या होत्या. त्यातली एक होती ‘कुलूप’, एक ‘अक्कलदाढ’ आणि एक ‘साहेब जागेवर नाहीत’.

मग दातांच्या डॉक्टरांनी त्याच्या हिरड्या पाहिल्या आणि पुढचे सहाही दात काढावे लागतील असं सांगितलं. तारीख दिली. त्या सोमवारच्या आधी सात रविवार होते. दात गेले की फट गेली आणि फट गेली की शीळ गेली. एवढा हिशोब मलाही कळत होता.  कवळ्या दुसऱ्या रविवारी माझ्याकडे आला आणि म्हणाला, “साठेबाज, तुझ्या मेहुण्याने दिलेला टेपरेकॉर्डर चालतो का अजून?”

म्हणजे सातातला एक रविवार आम्ही विचार करण्यात घालवला. उरले सहा.

टेपरेकॉर्डर चालत होता. त्याचं झाकण रबरबँडने धरून ठेवावं लागे आणि लाल बटण पेन्सिलीच्या टोकाने दाबावं लागे, पण चालत होता. मी नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेट आणल्या, त्यांवर १ आणि २ असे क्रमांक घातले आणि ऑफिसातलं एक जुनं कोरं रजिस्टर काढलं. रकाने आखले: टेक क्रमांक, दिनांक, चाल, निकाल, शेरा. कॅसेटवर जास्त काही लिहिणं भांडाराच्या शिस्तीत बसत नाही. वस्तूवर फक्त क्रमांक, बाकी सगळं रजिस्टरात. अल्बमचं नाव कवळ्याने सुचवलं: ‘तात्पुरतं’. तो तात्पुरत्या कवळ्या बनवायचा, माझ्या भांडारात तात्पुरता साठा असायचा. दोघांच्याही धंद्यात बसणारा हा एवढाच शब्द निघाला.

पहिलं ध्वनिमुद्रण त्याच दिवशी आमच्या पुढच्या खोलीत झालं. झालं म्हणजे एकोणीस वेळा सुरू झालं. आमच्या आईला कमी ऐकू यायचं. ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं जगालाही कमी ऐकू येत असावं अशा समजुतीने बोलतात. मी पेन्सिल दाबली, कवळ्याने ‘कुलूप’चे पहिले दोन सूर सोडले आणि आतून आवाज आला, “कोण आलंय गं?” बायकोने सांगितलं, कवळीवाले भावजी आलेत. आईला ऐकू गेलं नाही. बायकोने पुन्हा सांगितलं, ते तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं. टेक एक, बाद. शेरा: आई.

टेक दोनमध्ये कुकरने तीन शिट्ट्या दिल्या. कवळ्याचं मत पडलं की तिसरी सुरात होती, पण मी नियमाने गेलो. टेक तीनला आईचा निरोप आला, “त्याला म्हणावं, कवळी डावीकडे टोचतेय.” आईची कवळी कवळ्यानेच केलेली. तो भला माणूस मध्येच उठला, आत गेला, खिशातल्या कानशीने दोनदा घासलं आणि परत आला. टेक पाचला आईने कवळी आता बरी बसतेय असं कळवलं. टेक सातला ती पुन्हा टोचते असं कळवलं. टेक अकराला आम्ही जेवून घ्यावं अशी सूचना आली. टेक चौदाला ती सूचना आम्ही मनावर घेतली नाही याबद्दलची नाराजी. बाद टेकच्या वेळचा आवाज पुसून त्यावरच पुन्हा का घेत नाही, असं कवळ्याने विचारलं. त्याला भांडार कळत नाही. बाद केलेली वस्तू वरिष्ठांच्या लेखी आदेशाशिवाय नष्ट करता येत नसते. ती जपून ठेवावी लागते. कित्येकदा चांगल्या वस्तूपेक्षा जास्त जपून. सगळे बाद टेक कॅसेट क्रमांक १ वर राहिले.

सोळाव्या टेकला खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर वर आले. वर काय चाललंय याची चौकशी करायला ते आले नव्हते. ती त्यांनी जिन्यातच पुरी केली होती. ते थेट सल्ला द्यायला आले होते. त्यांच्या मते आवाज बाहेरून येत नसतो, भिंतींवरून येत असतो. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लावावेत; नसतील तर रजया; तेही नसेल तर कपाटात बसावं, कपड्यांत आवाज मुरतो. हे सगळं त्यांनी टेप चालू असताना सांगितलं, आणि पोस्टात असताना त्यांनी तारयंत्राचा आवाज कसा मुरवला होता हेही सांगितलं. टेक सोळा, बाद. शेरा: तज्ज्ञ.

दिवस संपला तेव्हा एकोणीस टेक बाद झाले होते, त्यातले नऊ आईच्या नावावर. जाताना कवळ्या दारात थांबून म्हणाला, आई बऱ्या आहेत, निदान लयीत बोलतात.

पुढच्या रविवारी आम्ही ट्रे लावले. तीन शेजाऱ्यांकडून सोळा ट्रे जमा केले आणि पोच दिली. ट्रे भिंतीवर टिकेनात. टेक वीस, एकवीस आणि बावीस ट्रे पडण्याच्या आवाजाने बाद झाले. शेवटी सल्ल्याचा तिसरा परिच्छेद अमलात आणायचं ठरलं. आमच्याकडे एक जुनं लाकडी कपाट होतं, त्यात माणसं मावतील एवढी खालची बाजू रिकामी होती. म्हणजे होती असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात तिथे बायकोची लोकर, दोन पाट आणि डांबराच्या गोळ्या होत्या. आम्ही दोघं गुडघे हनुवटीला लावून आत बसलो. टेपरेकॉर्डर माझ्या पायांवर, कीबोर्ड दोघांच्या मांड्यांवर आडवा. मी कॅसेटची बाजू उलटून घातली, पेन्सिल दाबली आणि दार ओढून घेतलं.

ते दार आतून उघडत नाही ही गोष्ट बायकोला लग्नापासून माहीत होती. तिने मला ती कधी सांगितली नाही. कपाटात बसायचा माझा विचार आहे हे मीही तिला सांगितलं नव्हतं, त्यामुळे या बाबतीत आमची बरोबरी झाली. ती बाजारात गेली होती. आई घरात होती, पण आम्ही दारावर जे ठोकत होतो ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. पोस्टमास्तरांना ऐकू गेलं होतं. त्यांनी नंतर आम्हाला सांगितलं की ताल चांगला जमून आलाय असं वाटल्याने त्यांनी व्यत्यय आणला नाही.

आम्ही सव्वा तास आत होतो. काय काय बोललो ते तेव्हा मला फारसं आठवत नव्हतं. अंधारात माणूस बोलतो आणि उजेडात विसरतो. बायकोने दार उघडलं तेव्हा बटण टक्कन वर येऊन बराच वेळ झाला होता; बाजू संपली होती. तिने आमच्याकडे पाहिलं, लोकर ठीक आहे ना ते पाहिलं, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. टेक तेवीस, बाद. शेरा: कपाट. माझ्या प्रतिष्ठेचं काय झालं याला रजिस्टरात रकाना नव्हता.

तिसऱ्या खेपेला आम्ही कवळ्याच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे एक खोली, एक घासायचं मोटरयंत्र आणि फळीवर ओळीने मांडलेले प्लॅस्टरचे जबडे. रविवारी तिथे शांतता असते. इतके जबडे आणि एकही बोलत नाही, हे मला आमच्या इमारतीपेक्षा फारच बरं वाटलं. ‘अक्कलदाढ’ छान रंगत असताना दारावर थाप पडली. एका गृहस्थाची कवळी दुभंगली होती आणि संध्याकाळी त्यांना भाषण करायचं होतं. हे सगळं त्यांना हातवाऱ्यांनी सांगावं लागलं. कवळ्याने मोटर लावली. टेक चोवीस, बाद, आणि रविवारही बाद.

आता तीन उरले. मला सुचलेला उपाय पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता, इतका तो सोपा होता: माझं भांडार. ऑफिसच्या तळमजल्यावर, जाड भिंती, एक खिडकी, आणि कापडाने झाकलेल्या मोडक्या खुर्च्यांच्या राशी. सुट्टीच्या दिवशी तिथे झुरळसुद्धा कामावर येत नसे. फक्त परवानगी हवी होती. एक सुट्टीच्या दिवशी आत येण्याची आणि दुसरी, सरकारी सेवेत असताना कलाविषयक उपक्रम करण्यास हरकत नसल्याची.

आमचे मोठे बाबू दुष्ट नव्हते. त्यांना फक्त कुठलाही रकाना रिकामा पाहवत नसे. माझा अर्ज दोन दिवसांत परत आला. वाद्याचा प्रकार लिहिलेला नव्हता. मी कीबोर्ड लिहिला. मग सहवादकाचं वाद्य कोणतं, अशी विचारणा आली. मी शीळ लिहिलं. त्यावर असा शेरा आला की शीळ हे वाद्य आहे की गायन, याचा खुलासा व्हावा. गायन असल्यास गीतांचे शब्द मंजुरीसाठी जोडावेत. शब्द नव्हते. म्हणून ते वाद्य ठरलं. मग वाद्याची बनावट, अनुक्रमांक आणि ठेवण्याची जागा मागवण्यात आली. मी अत्यंत गांभीर्याने लिहिलं: बनावट, जन्मजात. अनुक्रमांक, नाही. ठेवण्याची जागा, तोंड. या पत्रव्यवहारात एक रविवार गेला. मोठ्या बाबूंना दातांची तारीख सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढला, थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि सही करून दिली. खाली मात्र एक ओळ टाकली: सदर वाद्याची प्रवेशद्वारावर आत येताना व बाहेर जाताना नोंद घेण्यात यावी.

रखवालदार कर्तव्यदक्ष होता. वाद्य दाखवल्याशिवाय त्याने आत सोडलं नाही. कवळ्याने तोंड उघडलं. रखवालदाराने बॅटरी मारून पाहिलं आणि गेटच्या वहीत लिहिलं: दात, वरचे, नग सहा, फट एक. संध्याकाळी बाहेर पडताना पुन्हा तोंड उघडायला लावून त्याने नग मोजले. सगळे भरले. तेव्हा त्याने आम्हाला सलाम केला.

त्या उरलेल्या दोन रविवारी आठ चाली झाल्या. आठ चाली, आठ टेक, पंचवीस ते बत्तीस. एकही बाद नाही. कॅसेट क्रमांक २ वर नुसती शीळ आणि तीस पट्ट्या, बाकी काही नाही. कोणी खोकलं नाही, कोणी जेवायला बोलावलं नाही. ‘साहेब जागेवर नाहीत’ संपलं तेव्हा आम्ही दोघं त्या मोडक्या खुर्च्यांमध्ये उगाच बसून राहिलो. कवळ्याने एकदा जिभेने फट चाचपली. मी रजिस्टरात ‘मंजूर’ लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

सोमवारी सकाळी त्याला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून मी घाईत होतो. पिशवीत दोन्ही कॅसेट होत्या. पहिली भांडाराच्या खणात कुलपात ठेवायची आणि दुसरी कॅसेटच्या दुकानात द्यायची, दहा प्रती काढायला. आता इथे मला भांडारपालाच्या हाताविषयी थोडं सांगावं लागेल. चोवीस वर्षांत त्या हाताला दोनच गोष्टी शिकवल्या गेल्या. चांगली वस्तू कुलपात. मागणी आली की जुनी वस्तू आधी द्यायची, आणि त्यातही खराब असेल ती सगळ्यात आधी. माझा हात पिशवीत गेला. त्याने चांगली कॅसेट खणात ठेवली, कुलूप लावलं, आणि जुनी दुकानात देऊन टाकली. मी तेव्हा डॉक्टरांची फाइल शोधत होतो. हाताने मला काही विचारलं नाही, आणि खरं तर आजवर कधी विचारावं लागलंही नव्हतं.

खणात आणखी एक वस्तू होती. टाचण्यांचा डबा सांडला की त्या गोळा करायला आमच्याकडे एक लोहचुंबक होता, चांगला नालाएवढा. हाताने कॅसेट त्याच्यावरच ठेवली, घसरू नये म्हणून.

दात निघाले. जखमा भरल्या. कवळ्याने स्वतःची कवळी स्वतःच केली, त्याच्या हातून झालेली सगळ्यात सुबक कवळी. दात एकसारखे, पांढरे, एकमेकांना खेटून बसलेले. पहिल्या दिवशी त्याने ओठ गोल केले आणि नुसती हवा निघाली. मग दोन दातांमध्ये कानशीने फट पाडून पाहिली. हवा निघाली, जरा जास्त. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, कानशी काढून घेतली. शीळ म्हणजे रिकामटेकड्यांचं काम असं त्या लग्नापासून म्हणत आल्या होत्या, त्यामुळे त्यांचं काही नुकसान झालंय असं कोणाला वाटलं नाही.

दहा प्रतींचं पुडकं आलं. भांडारपाल वाटपाआधी पुडकं फोडत नाही. मी पुढच्या रविवारी आमच्याकडे सगळ्यांना बोलावलं: पोस्टमास्तर, कवळ्या आणि वहिनी, शिवाय ज्यांचे ट्रे आणले होते ते तिघं. मोठे बाबूही आले. बाकी कोणाला माहीत नव्हतं तरी मला माहीत होतं की ही संगीताची बैठक नव्हती. दात गेलेल्या माणसाला त्याची वस्तू परत द्यायची होती. मी छोटंसं भाषण केलं. तीन मिनिटांचं होतं. बायको नंतर अकरा म्हणाली. मग बटण दाबलं.

“कोण आलंय गं?” कॅसेट म्हणाली.

मला आधी वाटलं आई बोलली. आईला वाटलं कोणी बाई आली आहे. एवढा मोठा आवाज तिलाही ऐकू गेला होता. ती बायकोला म्हणाली, “ही बाई फार ओरडते गं. कोणाकडची?”

पुढचं मी सविस्तर सांगणार नाही. कुकर झाला. कवळी टोचली, घासली, बरी बसली, पुन्हा टोचली. मी उठायला लागलो तेव्हा पोस्टमास्तरांनी मला बाहीला धरून बसवलं, कारण टेक सोळा सुरू झाला होता. त्यांनी स्वतःचा सल्ला संपूर्ण ऐकला, माना डोलावल्या आणि तारयंत्राचा भाग पुन्हा लावायला सांगितला. ट्रे कोसळले. ज्यांचे ट्रे होते त्यांनी आपापले ओळखले. मोठे बाबू इतके हसले की त्यांची कवळी निसटली. कवळ्याने तिथल्या तिथे ती तपासून बसवून दिली.

मी ऑफिसात धावलो. रखवालदाराने काहीही न मोजता आत सोडलं. खणातून कॅसेट क्रमांक २ आणली आणि घरी येऊन लावली. तिच्यात नुसता सूं सूं आवाज होता, लांबवर कोणी तवा तापवावा तसा. तेवढ्यात मला चुंबक आठवला. मी सगळ्यांना सांगितलं. कोणी हसलं नाही. ते मला जास्त लागलं.

कवळ्या म्हणाला, असू दे. पण त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मग वेळ घालवायला काहीतरी करावं तसं मेहुण्याच्या टेपरेकॉर्डरमध्ये पहिल्या कॅसेटची दुसरी बाजू घातली. शेरा: कपाट.

आधी ठोकण्याचे आवाज आले. मग माझी शिंक. मग बराच वेळ काही नाही. आणि मग कवळ्याचा आवाज, अगदी जवळून, लोकरीत मुरलेला. पोस्टमास्तर म्हणाले होते तसाच मुरलेला.

“मी लोकांना काय सांगतो माहितीये? आठ दिवसांत सवय होते. हजारो लोकांना सांगितलं. एकालाही कधी विचारलं नाही, झाली का म्हणून. साठेबाज, मला भीती वाटते रे. तोंड माझंच राहील ना?”

त्यावर माझा आवाज म्हणत होता की राहील, राहील, आणि या दाराला आतून कडी कशी नाही. मी तेव्हा काय बोललो होतो ते मला त्या दिवशी कळलं, आणि बरं वाटलं नाही. मी बंद करायला हात पुढे केला.

“राहू द्या, भावजी,” वहिनी म्हणाल्या.

कॅसेटवर कवळ्या हसला. त्याचं जुनं हसणं, फटीतून हवा जाणारं. मग तो शीळ घालू लागला. चाल आमच्या आठातली नव्हती. कुठलीच नव्हती. अडकलेला माणूस घालतो तशी, घाई नसलेली. तिच्या खाली माझी एकच पट्टी वाजत होती, कारण दुसऱ्या पट्टीपर्यंत माझा हात पोचत नव्हता. पंधरा मिनिटं, किंवा जास्तच. भांडारात घेतलेल्या आठही चाली एकत्र केल्या तरी याच्याजवळ आल्या नसत्या. हे त्यालाही कळलं असावं. त्याने नव्या दातांवर ओठ घट्ट मिटून घेतले होते.

बटण टक्कन वर आलं. वहिनी कोणाकडे न बघता त्याला म्हणाल्या, “जिन्यात तुमची शीळ ऐकली की मी चहाचं आधण ठेवायचे. आता तुम्ही आलात ते मला कळणार कसं?”

दात काढल्यापासून त्याच्याशी याविषयी सरळ बोललेलं पहिलं माणूस हेच.  त्याने खिशातून कवळीची डबी काढून टेबलाच्या कडेवर वाजवून दाखवली. टक, टक-टक. वहिनी म्हणाल्या, चालेल.

ती पद्धत अजून चालू आहे. आता आमच्याही जिन्यात तीच टकटक ऐकू येते आणि बायको आधण ठेवते. दहा प्रतींपैकी किती उरल्या मला ठाऊक नाही. पोस्टमास्तरांची शेवटपर्यंत वाजत होती, तेवढाच टेक सोळा. ते गेले. आमची आईही गेली, त्याला आता सात वर्षं झाली. तिची ती कवळी आम्ही कवळ्याला परत दिली. त्याने ती फळीवर जबड्यांच्या ओळीत ठेवली आहे, डावीकडे जरा घासलेली.

गेल्या महिन्यात बायकोने कपाट आवरलं. आता त्याला आतून कडी आहे. त्यात ते रजिस्टर निघालं. रद्दीत टाकू का, असं तिने विचारलं. कवळ्या बसला होता, त्याने ते घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागला. कवळी घातलेल्या माणसाने सरकारी मजकूर वाचला की त्याला एक वेगळंच वजन येतं. टेक एक, बाद, आई. टेक तीन, बाद, आई. टेक पाच. टेक सात. तो एकोणीसपर्यंत गेला आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

“साठेबाज,” तो म्हणाला, “तू आईंना नऊ वेळा बाद केलंयस.”

 बायको दारातच उभी होती, हातात रद्दीची दोरी घेऊन. मग मी पेन मागितलं. रजिस्टरातली जुनी नोंद खोडायची नसते, पुसायची तर मुळीच नसते. तिच्यावरून एकच आडवी रेघ मारायची, खालची अक्षरं दिसली पाहिजेत, आणि शेजारी दुरुस्ती लिहायची. मी नऊ ठिकाणी रेघा मारल्या आणि नऊ ठिकाणी लिहिलं: साठ्यात परत घेतले. मग कुकरला परत घेतलं, तज्ज्ञांना घेतलं, ट्रे घेतले. कपाट घेताना पेन जरा अडलं.

अशा दुरुस्तीवर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. पहिली बायकोने केली, बैठक कधी आटपते या विवंचनेत. दुसरी कवळ्याने केली. सहीपुढे हुद्द्याचा रकाना असतो, तो रिकामा ठेवून चालत नाही. त्याने डबी टेबलावर दोनदा वाजवली, विचार केला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: माजी वाद्यधारक, फट एक.